दार आपोआप उघडावे, पण कोणत्या विजेवर?

मंडळी, आपण भाटघरची माणसे. आपोआप उघडणारे दार आपल्याला नवे नाही. वेळवंडी नदीवरचे आपले धरण १९२८ साली पुरे झाले. त्याला ४५ स्वयंचलित दारे आहेत. पावसाळ्यात धरण भरले की ही दारे उघडतात आणि जादा पाणी नीरेकडे जाते. तिथे वीज दार उचलत नाही. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला वजन, असा तराजूसारखा तोल साधलेला असतो. पाणी चढले की तोल बदलतो आणि दार हलते. पाणीच तिथला राखणदार!

पण आपल्या अंगणाच्या फाटकाला धरणाचे पाणी कुठून आणायचे? तिथे मोटार लागते. आता रस्त्याकडेच्या घरांना, गोदामांना आणि शाळांना अशी फाटके बसू लागली आहेत. कळ दाबली की फाटक सरकते. दुकानदार विचारतो, "गुरुजी, एसी मोटार देऊ की डीसी?" आपण गप्प बसतो. म्हणून आज ही गोष्ट नीट समजून घेऊ.

घरात तारेतून येते ती एसी वीज. तिचा दाब २३० व्होल्ट. ती एका दिशेने वाहत नाही. झोपाळ्यासारखी पुढेमागे जाते, सेकंदाला ५० वेळा. बॅटरीची वीज ती डीसी. ती ओढ्याच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहते. विजेरीत असते ती हीच. मुंबईत १९२५ साली पहिली विजेची आगगाडी धावली, ती डीसीवर. आज तिथल्या गाड्या एसीवर धावतात. म्हणजे एक चांगली आणि दुसरी वाईट असे नाही. काम पाहून वीज निवडायची.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या मुलाने हौसेने फाटकाला एसी मोटार बसवली. चार महिने झकास चालली. मग श्रावणातली एक रात्र आली. धो धो पाऊस, आणि लाईट गेली. त्याच रात्री सूनबाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरले होते. जीप दारात उभी, आणि फाटक काही हलेना! हाताने फाटक मोकळे करायची एक किल्ली असते. ती कुठे ठेवली ते कुणालाच आठवेना. शेवटी पाटीखालच्या डब्यात सापडली. अर्धा तास गेला. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, देवाची कृपा. पण तो अर्धा तास आम्ही विसरलो नाही.

चूक मोटारीची नव्हती. आम्ही निवडताना विचार केला नाही, ही चूक आमची.

एसी मोटार दणकट असते. तिची रचना साधी. जड फाटक ती ओढते. पण लाईट गेली की ती थांबते. दाब कमी आला तर तिचा जोर घटतो आणि ती तापते. फार वेळा चालवली तरी तापते. मग ती थंड होईपर्यंत वाट पाहावी लागते.

डीसी मोटार बहुधा २४ व्होल्टची असते. तिच्या पेटीत बॅटरी ठेवता येते. लाईट गेली तरी फाटक काही वेळा उघडते. सूर्याच्या पाट्यांवरही बॅटरी भरता येते. फाटक हळू सुरू होते, हळू थांबते. मध्ये मूल किंवा वासरू आले तर अडथळा ओळखून थांबवणे डीसीत सोपे जाते. पण बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च आधीच धरावा.

मग निवड कशी करावी? वीज फारशी जात नाही, फाटक फार जड आहे, आणि हाताशी माणूस असतो, तर एसी चालेल. वारंवार वीज जाते, घरात म्हातारी माणसे आणि लेकरे आहेत, तर डीसी घ्यावी, आणि बॅटरीसकट घ्यावी. बॅटरी नसेल तर लाईट गेल्यावर डीसीही थांबते, हे विसरू नका.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

मोटार घेण्याआधी फाटक हाताने ढकलून पाहा. ते अडकत असेल तर आधी चाके आणि रूळ दुरुस्त करा. मोटार वाकड्या फाटकाचे औषध नव्हे.

डीसीच्या पेटीतही २३० व्होल्टची तार येते. म्हणून जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग करायला लावा. ओल्या हाताने पेटी उघडू नका.

किल्ली एकाच ठरलेल्या खिळ्याला टांगा. घरातल्या बायामाणसांनी, पोरांनीसुद्धा ती लावून फाटक मोकळे करून पाहावे. लाईट असतानाच शिका. अंधारात शिकायला वेळ मिळत नाही.

दार आपोआप उघडावे, हे चांगलेच. पण अडीअडचणीला ते आपल्या हातानेही उघडता आले पाहिजे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.