शेतकऱ्यांचा पक्ष आणि त्याचें दप्तर

(एका सभेंत दिलेलें व्याख्यान)



जमिनीचा उतारा हरवला तर जमीन आपली आहे हें सिद्ध करतां करतां पिढी खपते, हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको. जी गोष्ट जमिनीची तीच पक्षाची. ज्या पक्षाचें दप्तर शाबूत, त्याचा इतिहास त्याच्या स्वतःच्या हातीं राहतो. ज्याचें दप्तर गेलें, त्याचा इतिहास त्याचे विरोधक लिहितात, आणि त्याचींच नातवंडें तो खरा मानून वाचतात. हें नीट ध्यानांत यावें म्हणून अमेरिकेंतील नॉर्थ डकोटा या राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या पक्षाची हकीकत आज आम्ही सांगणार आहों.

नॉर्थ डकोटाला राज्याचा दर्जा १८८९ सालीं मिळाला. मुलूख गव्हाचा. गहू पिकविणारा शेतकरी. पण गहू वाहणारी आगगाडी, सांठविणारें कोठार, दळणारी गिरणी आणि कर्ज देणारी पेढी यांचीं सूत्रें बहुतेक शेजारच्या मिनेसोटा राज्यांतील मिनियापोलिस व सेंट पॉल या शहरांत. गव्हाची प्रत ठरविणार व्यापारी, वजन करणार व्यापारी आणि भाव सांगणारही व्यापारीच! राज्याच्या शेतकी कॉलेजांतील रसायनशास्त्रज्ञ एडविन लॅड यांनीं असा गहू दळून पाहिला, तेव्हां हलका म्हणून स्वस्तांत घेतलेल्या गव्हाचेंही चांगलें पीठ निघतें असें दिसून आलें. खोट तराजूंत शोधणाऱ्या शेतकऱ्याला ती प्रतवारींत सांपडली.

यावर उपाय म्हणून सरकारी मालकीचें मोठें धान्यकोठार बांधावें, असा कौल मतदारांनीं १९१२ सालीं दिला आणि १९१४ सालीं पुन्हा दिला. तरी १९१५ सालीं विधिमंडळानें ती मागणी फेटाळली. "घरीं जा आणि डुकरांना चारा घाला," असें एक सभासद शेतकऱ्यांना म्हणाला, अशी वदंता राज्यभर पसरली. त्या सभासदानें आपण असें बोललोंच नाहीं असें सांगितलें. खरें काय तें आजही निर्विवाद ठरलेलें नाहीं. पाहा, ज्या एका वाक्यानें सारें राज्य पेटलें, त्याचीच नोंद नाहीं!

त्याच वर्षीं आर्थर टाउनली नांवाचा गृहस्थ पुढें आला. बीच या गांवाजवळ त्यानें जवसाची मोठी शेती केली होती. भाव पडला, हवामान फिरलें आणि तो कर्जांत बुडाला. डीअरिंग गांवाजवळच्या फ्रेड वुड या शेतकऱ्याच्या घरापासून त्यानें सभासद नोंदविण्यास आरंभ केला. संस्थेचें नांव नॉनपार्टिझन लीग, म्हणजे कोणत्याही जुन्या पक्षाला न बांधलेला संघ. वर्गणी प्रथम अडीच डॉलर होती, पुढें सहा व नंतर नऊ झाली. हातीं रोकड नसलेल्या शेतकऱ्याकडून सुगीनंतरच्या तारखेचा चेक घेत. प्रचारक फोर्ड मोटारी घेऊन शेतोशेतीं हिंडत. सप्टेंबर १९१५ पासून लीगचें स्वतःचें साप्ताहिकही निघूं लागलें. १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारें ४० हजार सभासद झाले.

लीगनें नवा पक्ष काढण्याची घाई केली नाहीं. तेथें पक्षाचा उमेदवार मतदारच प्राथमिक निवडणुकींत निवडतात. लीगनें आपलीं माणसें मुख्यतः रिपब्लिकन पक्षाच्या त्या निवडणुकींत उभीं केलीं. नोव्हेंबर १९१६ मध्यें लिन फ्रेझिअर हा नांगर धरणारा शेतकरी मोठ्या मताधिक्यानें गव्हर्नर झाला. वरिष्ठ सभागृह मात्र १९१८ च्या निवडणुकीपर्यंत हातीं आलें नाहीं. तें आल्यावर १९१९ सालीं कायद्यांची रांगच लागली: सरकारी बँक, सरकारी पिठाची गिरणी व धान्यकोठार, गारांपासून पिकाचा विमा. बँक ऑफ नॉर्थ डकोटा २० लक्ष डॉलर भांडवलावर २८ जुलै १९१९ रोजीं उघडली.

आतां दुसरी बाजू ऐका. तीही आम्हीं लपवितां कामा नये. लीगच्या पैशाचीं व कारभाराचीं सूत्रें टाउनलींसह तीन माणसांच्या हातीं होतीं. वर्गणी देणारा हजारोंनीं होता. हिशेब जाणणारा विरळा. ऑक्टोबर १९१९ मध्यें फार्गो येथील एका बँकेला सरकारी तपासनिसांनीं कुलूप ठोकलें. त्या बँकेनें लीगच्या व्यवहारांना मोठीं कर्जें दिलीं होतीं व तारण म्हणून शेतकऱ्यांचे पुढील तारखेचे चेक ठेवले होते. राज्याच्या वरिष्ठ कोर्टानें बँक पुन्हा उघडविली, पण गांवोगांव संशय पसरला. त्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळांतील देशद्रोहाचा आरोप डोक्यावर होताच. १९१९ सालीं मिनेसोटांतील एका कोर्टानें टाउनली यांस दोषी ठरविलें व पुढें त्यांनीं ९० दिवसांची कैद भोगली.

गव्हर्नरास मुदतीपूर्वीं परत बोलावण्याचा हक्क १९२० सालीं राज्यघटनेंत आला, तोही लीगच्याच पाठिंब्यानें. त्याचा पहिला बळी लीगचाच गव्हर्नर झाला! २८ ऑक्टोबर १९२१ रोजीं फ्रेझिअर सुमारें ४ हजार मतांनीं पदावरून गेले. परंतु त्याच दिवशीं बँक मोडण्याची सूचना मतदारांनीं नामंजूर केली. माणसें बदललीं, काम राखलें. ग्रँड फोर्क्स येथील सरकारी गिरणी १९२२ सालीं विरोधकांच्या कारकीर्दींत सुरू झाली, आणि फ्रेझिअर त्याच वर्षीं अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. बँक व गिरणी दोन्ही आजही राज्याच्याच मालकीच्या आहेत. लीग १९५६ सालीं डेमोक्रॅटिक पक्षांत मिळाली. त्या राज्यांत तो पक्ष अद्याप दोन्हीं नांवें जोडून चालतो.

हें सारें आज सांगतां येतें तें कशाच्या बळावर? लीगची मुख्य कचेरी १९१७ सालीं सेंट पॉलला गेली. तेथील मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीनें राष्ट्रीय लीगचे कागद जपून त्यांच्या फिल्मा करविल्या. लीगच्या साप्ताहिकाचे अंकही ग्रंथालयांत आहेत. विरोधकांनीं छापलेलीं निंदेचीं पत्रकेंही शिल्लक आहेत. केवळ तींच उरलीं असतीं तर जग काय म्हणालें असतें? एका बुडीत शेतकऱ्यानें भोळ्या शेतकऱ्यांस लुबाडलें, एवढेंच! आणि केवळ लीगचे अंक उरले असते तर सारे पुढारी देव ठरले असते. दोन्हीं ठेवल्यामुळें खरें कळतें: शेतकऱ्यांची तक्रार खरी होती, त्यांचें काम टिकाऊ होतें, आणि हिशेब उघडा नसणें हें त्यांच्या विरोधकांच्या हातचें मोठें शस्त्र झालें.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. तुमच्या पक्षाची, सोसायटीची किंवा कारागिरांच्या संघाची शाखा असेल तर सभेचा वृत्तांत त्याच दिवशीं लिहा. चार आण्यांचीही पावती द्या आणि तिची प्रत ठेवा. वर्षाचा जमाखर्च चावडीवर मोठ्यानें वाचून दाखवा. ज्याला अक्षर येत नाहीं त्यालाही ऐकूं येतें. भांडण झालें तर भांडणाचेही कागद ठेवा. दप्तर एकाच पुढाऱ्याच्या घरीं ठेवूं नका. पुढारी पक्ष सोडतो तेव्हां दप्तरही त्याच्याबरोबर जातें. बायांनीं केलेलें काम व दिलेला पैसा त्यांच्याच नांवावर लिहा. अंकाचीं पानें चुलींत व पुड्यांत घालण्यापूर्वीं एक प्रत बांधून ठेवा.

नांगर मोडला तर सुतार नवा करून देतो. जाळलेला कागद कोणताही कारागीर पुन्हा करून देऊं शकत नाहीं. सावकाराची वही पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर वर्गणी देणाऱ्याची कां टिकूं नये? एवढाच प्रश्न तुमच्यापुढें ठेवून आम्ही आपली रजा घेतों.