धुके पडले नसते तर?
(बंगळूर येथील गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित भाग)

इतिहासात ‘जर-तर’ला अर्थ नसतो असे म्हणतात. पण रणनीती समजून घ्यायची तर एखादा ‘जर’ विचारावाच लागतो.

२७ ऑगस्ट १७७६ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर इंग्रजांनी जॉर्ज वॉशिंग्टनचा सपशेल पराभव केला. अमेरिकन सैन्य ब्रुकलिनमध्ये कोंडले गेले. पुढे शत्रू, मागे नदी. २९ तारखेच्या रात्री मार्बलहेडच्या खलाशांनी सुमारे ९,००० माणसे होड्यांतून पलीकडे नेली. पहाटे दाट धुके पडले, म्हणून शेवटच्या तुकड्याही निसटल्या.

समजा, धुके पडले नसते, किंवा वॉशिंग्टन हट्टाने तिथेच लढत राहिला असता, तर? बहुतेक सारे सैन्य कैद झाले असते. मग १७७७ साली साराटोगाच्या लढाईसाठी त्याने मॉर्गनचे बंदूकधारी कुठून पाठवले असते? तो विजय नसता, तर १७७८ साली फ्रान्स उघडपणे मैदानात उतरला असता का? शहर गेले तरी चालेल, सैन्य जगले पाहिजे, हे वॉशिंग्टन शिकला. १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले देऊन १६७० पासून ते परत घेणाऱ्या शिवरायांच्या मुलखातल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

लाँग आयलंडवर इंग्रजांकडून लढलेला एक सेनानी होता कॉर्नवॉलिस. १७८१ साली यॉर्कटाउनला फ्रेंच आरमाराने त्याची समुद्राची वाट अडवली आणि त्याच्या फौजेला शरण यावे लागले. तोच १७८६ साली गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला. आपल्या के. आर. मार्केटजवळचा किल्ला त्यानेच मार्च १७९१ मध्ये टिपूकडून घेतला. पण मे महिन्यात श्रीरंगपट्टणजवळ त्याचे धान्य संपले, बैल मेले, मोठ्या तोफा निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. तेव्हा त्याला येऊन मिळाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. मराठ्यांच्या बाजारातल्या धान्यावर त्याची फौज तगली.

टिपूशी आपले वैर होते आणि इंग्रजांशी तह झाला होता, हे खरे. तरीही विचारावेसे वाटते, ती फौज आणखी महिनाभर उशिरा पोचली असती तर? अवघ्या १२ वर्षांनी, १८०३ साली, असईला त्याच कंपनीच्या तोफा मराठ्यांवर वळल्या.

मंडळी, मुलांना तो किल्ला दाखवायला न्याल, तेव्हा हा दुसरा ‘जर’ही त्यांना सांगा. पहिल्यापेक्षा तो आपल्याला अधिक बोचतो.