सेटलमेंटचा पत्ता



आज मला आपल्या सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल बोलायचंय. ती कुठे आहे हे सोलापूरकरांना सांगायला नको. रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं की तो नेऊन सोडतो. पण ती वस्ती तिथे आलीच का, असं विचारलं की चांगली शिकलेली मंडळीही गप्प होतात. मे 1930 चा मार्शल लॉ मात्र आपल्याला पाठ आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन ही फाशी गेलेल्यांची नावं शाळेतलं पोरही घडाघडा सांगतं, आणि सांगायलाच हवीत. पण काही आठवड्यांचा तो लष्करी अंमल लक्षात ठेवणारं आपलं गाव, आपल्याच वेशीला तारेच्या कुंपणात वर्षानुवर्षं माणसं ठेवली होती हे कसं विसरलं?

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा म्हणजे सबंध जमातींनाच जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा. त्याची कलमं मी सांगत बसत नाही. तो आधी उत्तरेत आला आणि 1911 नंतर आपल्या मुंबई इलाख्यातही ‘सेटलमेंट’ म्हणून वसाहती उभ्या राहिल्या. कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांग गारुडी अशा जमातींची माणसं त्यात आणली गेली. सोलापुरात ही वसाहत आली, कारण इथे गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. दिवसा साच्यावर काम, आणि पाळी संपली की परत कुंपणात. मग हजेरी. नाव पुकारलं की ओ द्यायची. परगावी लग्नाला जायचंय, पास काढा. मयतीला जायचंय, पास काढा. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची सोयसुद्धा त्या कायद्यात होती. शाळेत शिकवत असताना हजेरीपट उघडला की मला हे आठवायचं. माझ्या हजेरीला सेटलमेंटमधली मुलं हसत ओ द्यायची. त्यांच्या आजोबांनी ओ दिली नाही, तर तो गुन्हा होत होता.

31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा देशभर रद्द झाला. कुंपण गेलं, लोक विमुक्त झाले. इथेच बहुतेकांना वाटतं की गोष्ट संपली. मला सांगायचंय ते इथून पुढचं.

तुमच्या स्वयंपाकघरात फळीवर एखादी जुनी बरणी असेल. तिच्यावर कुणीतरी कधीकाळी खळ लावून चिठ्ठी चिकटवलेली असते, ‘फिनेल’ म्हणून. आत पहिल्यापासून साखरच आहे, पण चिठ्ठी फिनेलची. एक दिवस तुम्ही ती ओढून काढता. कागद निघतो, खळ राहते. त्या चिकट जागेवर धूळ बसते, तेलाचे हात लागतात आणि महिन्याभरात चिठ्ठीएवढाच काळा चौकोन तयार होतो. आता त्यावर अक्षर एकही नाही, तरी घरातली माणसं ती बरणी मागेच सारतात. 1952 ला कागद निघाला. खळ कुणी धुतली नाही. उलट 1959 साली सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा आला आणि नजर पुन्हा त्याच वस्त्यांवर राहिली.

सेटलमेंटमध्ये राहणारी माझी एक विद्यार्थिनी, हुशार, अक्षर मोत्यासारखं. पदवी घेतली, टायपिंग शिकली. एका खासगी कार्यालयात मुलाखत छान झाली. शेवटी साहेबांनी अर्जावरचा पत्ता वाचला आणि ‘कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही. पुढच्या अर्जात तिनं मावशीचा पत्ता घातला. मावशी जुळे सोलापुरात राहायची. दुसरीकडे नोकरी लागली. तीच मुलगी, तीच मार्कलिस्ट. श्रोतेहो, हे पुन्हा सांगते, कारण ऐकताना निसटून जाईल: तिच्यात काहीही बदललं नव्हतं, फक्त पत्ता बदलला होता.

आणखी एक. विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर घराणं 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. ज्यांना पोटासाठी गावोगाव हिंडावं लागलं, त्या घरांनी साठ वर्षांपूर्वीचा कागद आणायचा कुठून? सरकारनंच ज्यांची हजेरी घेतली, त्यांच्याकडेच सरकार आता राहण्याचा पुरावा मागतं.

हे जगणं पुस्तकांतही आलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. आपण ती वाचली, हळहळलो आणि कपाटात ठेवली. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधून जातीचे भेद आणि विमुक्तांविषयीच्या भेदभावाच्या तरतुदी काढायला सांगावं लागलं. कायदा रद्द झाल्याला तेव्हा 72 वर्षं झाली होती. म्हणजे बघा, खळ किती चिवट असते.

ती धुता येते. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला पारध्यांची मुलं शिकताहेत. 2021 साली आपल्याच ग्रामीण पोलिसांनी मुळेगाव तांड्यावर हातभट्टीच्या धाडींबरोबर लोकांना दुसरा धंदा मिळवून द्यायला हात घातला. पूर्वी जी वर्दी फक्त हजेरी घ्यायची, ती आता माणसाला कामाचं विचारू लागली. मला तो फार मोठा बदल वाटतो.

वेळ संपत आलीय, आवरतं घेते. तुमच्याकडे कुणी खोली भाड्यानं मागायला आलं, दुकानात काम मागायला आलं आणि पत्ता सेटलमेंटचा निघाला, तर कृपा करून तिथे थबकू नका. काम काय येतं, शिक्षण काय झालंय, एवढंच विचारा. शिक्षकबंधू-भगिनींनो, 31 ऑगस्टला विमुक्त दिन असतो. त्या दिवशी वर्गात मार्शल लॉच्या धड्याबरोबर तासभर सेटलमेंटचाही इतिहास सांगा, आणि जमलं तर मुलांना घेऊन तिथल्या एखाद्या आजीकडून तो ऐका.