मालकाचा हंगाम, मजुराचे तास



अमेरिकेत १९३८ साली न्याय्य श्रम मानक कायदा झाला. आठवड्यात चाळीस तासांहून अधिक राबणाऱ्यास जादा तासांची दीडपट मजुरी, हे प्रदीर्घ कामगारलढ्यांचे फळ होते. परंतु पुढे याच कायद्याच्या १३ व्या कलमात करमणुकीच्या हंगामी आस्थापनांना सूट देण्यात आली. जी आस्थापना वर्षात सात महिन्यांहून अधिक चालत नाही, अथवा जिची मंदीच्या सहा महिन्यांतील सरासरी आवक तेजीच्या सहा महिन्यांतील सरासरीच्या एक-तृतीयांशापुढे जात नाही, तिला संघराज्याचा जादा कामाचा दरच नव्हे, तर किमान वेतनही बंधनकारक नाही. राज्याचा कायदा आड आला, तरच मजूर बचावतो.

जत्रेतला पाळणा फिरविणारा कामगार भर उन्हाळ्यात साठ तास राबला, तरी वरच्या वीस तासांवर त्याचा हक्क नाही!

मालकवर्ग म्हणतो, हंगाम थोडा, नफा अनिश्चित. पण हंगाम मजुराचाही थोडाच असतो. पोट मात्र बारमाही असते. कसोटी लागते ती मालकाच्या गल्ल्याला. मजुराच्या श्रमाला नव्हे. सवलतीचे वर्गस्वरूप इथेच उघडे पडते. हंगामी कामगारांची मागणी म्हणूनच साधी आहे: श्रमाचा हिशेब तासांनीच झाला पाहिजे. आणि ती संघटनेच्या बळावाचून पदरात पडणार नाही.