आजीच्या ओवीची तबकडी

हातातलं काम आवरलं असेल तर जरा बसा. आज आम्ही बचतीचा हिशेब मांडणार नाही. एका गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहोत.

रूपा विश्वास ही बंगालची गायिका. १९८१ साली ती कॅनडात भावाकडे गेली होती. तिथं कॅलगरी शहरात तिचं गाणं झालं आणि त्यातूनच तबकडी काढायचं ठरलं. सरोदिये आशिष खान सोबत होते, तबल्यावर प्राणेश खान, जोडीला तिथल्याच वादकांचं गिटार आणि ड्रम. एकूण गाणी चार. त्यातल्या एकाचं नाव ‘आज शनिबार’, म्हणजे आज शनिवार. १९८२ साली ‘डिस्को जॅझ’ नावानं तबकडी आपल्याकडे आली, पण खपली नाही. रूपाताईंनी तो विषय मागं टाकला आणि संसाराला लागल्या.

तीसेक वर्षांनी मुलाला घरात ती जुनी तबकडी सापडली. त्यानं इंटरनेटवर शोधलं, तर काय! परदेशातली माणसं त्याच्या आईचं गाणं ऐकत होती, जुनी तबकडी भारी किंमत मोजून घेत होती. आईला मात्र याचा पत्ताच नव्हता. २०१९ साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीनं ती तबकडी पुन्हा काढली.

मैत्रिणींनो, खपलं नाही म्हणजे वाईट, असं नसतं. ‘मला मेलीला कुठं गाता येतंय?’ म्हणत आपणही गप्प बसतो. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव जाऊन बायकांना गायला लावलं, तेव्हा जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या.

रूपाताईंची तबकडी तरी शिल्लक होती. आपल्या आजीच्या ओवीची तबकडी कुठंच नाही. आजी गेली की ओवीही गेली.

म्हणून एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा, मोबाईलवर तिचं गाणं रेकॉर्ड करा. आधी तिचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. तिची परवानगी विचारा. एक प्रत दुसऱ्या मोबाईलवरही ठेवा. जुन्या कॅसेटी असतील तर ओल नसलेल्या जागी ठेवा, त्यावर नावं लिहा.

आणि पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एक तरी ओवी सगळ्यांना ऐकवा.