होडी सोडायची नाही



मी संगणकाबद्दल बोलावं असं समितीने सुचवलं होतं. पण ते दिवसभर करतेच, म्हणून आज त्याला सुट्टी. बोलणार आहे शिडाच्या लहान होडीबद्दल. भूगोलाच्या बाईंनी 'गर्जणारे चाळीस' वारे फळ्यावर काढून दाखवले होते, तेव्हापासूनचं हे वेड. शिडाचा दोर प्रत्यक्ष हातात आला मात्र अडतिसाव्या वर्षी.

दुसऱ्याच महिन्यात धरणाच्या पाण्यात वळवाच्या वाऱ्याने माझी होडी उलटली. अशा वेळी होडीला धरून राहायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी काय केलं? काठ जवळ दिसला म्हणून पोहत सुटले. लाटा तोंडावर, लाइफ जॅकेट हनुवटीत रुतलेलं, थोड्याच वेळात हात उचलेनात. मदतीच्या बोटीला लांबून दिसली ती पालथी पांढरी होडी, माझं डोकं नाही. बोट आधी तिकडे गेली. मी सापडले त्यानंतर, शोधाशोध करून.

मग मी या विषयावर वाचायला लागले. ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंडहून निघून आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या फास्टनेट खडकाला वळसा घालण्याच्या शर्यतीत 303 होड्या होत्या. 13 तारखेच्या रात्री वादळाने त्यांना गाठलं. 15 स्पर्धक गेले. 24 होड्या माणसांनी सोडून दिल्या, आणि त्यांतल्या 19 नंतर सापडल्या, परत आणल्या गेल्या. सात जणांचा मृत्यू रबरी तराफ्यांशी निगडित दुर्घटनांत झाला. त्यांनी सोडलेल्या होड्या तरंगतच होत्या. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं.

त्यांना नावं ठेवणारी मी कोण? काळोख, होडी एकदा पूर्ण उलटून सरळ झालेली, डोलकाठी मोडलेली, आत पाणी. तेव्हा तराफा बरा वाटणारच. म्हणून तर दर्यावर्दी सांगतात की तराफ्यात उतरायचं नसतं, चढायचं असतं. म्हणजे होडी खरोखर बुडायला लागेपर्यंत थांबायचं.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून नव्हे. लाटेला होडीची कूस द्यायची नाही, ही सगळी धडपड. होडीच्या लांबीच्या साधारण साठ टक्के उंचीची फुटणारी लाट कुशीवर आली, तर बहुतेक होड्या उलटतात. तीस फुटी होडीला अठरा फुटांची लाट पुरे. एक उपाय असा : पुढचं छोटं शीड उलट्या बाजूने ताणायचं आणि सुकाणू असं बांधायचं की नाळ वाऱ्याकडे वळू पाहील. शीड एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे. या भांडणात होडी वाऱ्याला तिरकी, जवळपास थबकून राहते. तेवढ्यात चहासुद्धा करता येतो म्हणे! फुटणाऱ्या लाटा मोठ्या झाल्या की मात्र हे पुरत नाही. मग वाऱ्याबरोबर पळायचं. त्यातही वेग वाढला तर होडी लाटेवरून घसरते, नाळ पाण्यात घुसते आणि ती आडवी होते किंवा कोलांटी खाते.

म्हणून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन मागे लांब जाड दोर सोडून वेग मारायचे. 1968-69 मध्ये 312 दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा त्यांची 'सुहैली' होती फक्त 32 फुटी. आणि ती बांधली होती आपल्या मुंबईत, सागवानात. त्याच शर्यतीतले फ्रेंच बर्नार मॉइतेसिए यांनी मात्र आधीच्या एका सफरीत, वादळातच, असले दोर कापून टाकले होते. ओझ्यामुळे त्यांच्या पोलादी 'जोशुआ'ला लाट चुकवता येईना. मोकळी झाल्यावर ती लाटांना किंचित तिरकी धरून सुसाट पळाली. दोघेही वाचले. बरोबर कोण, यावर दर्यावर्दी मंडळी अजून भांडतात.

माझी होडी जेमतेम बारा फुटी. गेल्या वर्षी पुन्हा उलटली आणि खूप खटपट करूनही सरळ होईना. या वेळी तिच्या पाठीवर चढून बसले, शिट्टी वाजवत राहिले. बोट यायला चाळीस मिनिटं लागली. काठ तेव्हाही जवळच दिसत होता.