हातात काय आलं, ते आधी बघा

पायथन शिकायला लागलेल्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे. फॉर लूप तुम्हाला येतो, हे धरून चालते. गाडी अडते ती लूपच्या आत लूप आला की. डिक्शनरीत लिस्ट, लिस्टमध्ये पुन्हा डिक्शनरी, आणि मग अंदाजाने फॉरखाली फॉर लिहिले जातात. अंदाज नको. प्रत्येक फॉरनंतर स्वतःला विचारा: आत्ता माझ्या हातात काय आहे?

स्वयंपाकघरातलं कपाट डोळ्यांपुढे आणा. कपाटात डबे, डब्यांवर चिठ्ठ्या, डब्यांत पुड्या. डिक्शनरीवर साधा फॉर फिरवला की हाती चिठ्ठी येते, म्हणजे डिक्शनरीची 'की' (key), डबा नव्हे. 'तूरडाळ' लिहिलेली चिठ्ठी शिजवून वरण होत नाही.

समजा, 'सीता' या नावापुढे 70 आणि 80 अशी गुणांची लिस्ट आहे. बाहेरच्या फॉरने नाव दिलं आणि आतला फॉर तुम्ही त्या नावावरच फिरवला, तर गुण मिळत नाहीत. स, मग नुसती वेलांटी, मग त, मग काना, असे नावाचे तुकडे छापले जातात. पायथन तक्रार करत नाही, कारण स्ट्रिंगवरही लूप चालतो. एरर आली नाही म्हणजे उत्तर बरोबर, असं समजू नका! बाहेरच्या फॉरमध्ये डिक्शनरीची आयटम्स ही मेथड वापरा. चिठ्ठी आणि डबा दोन्ही हाती येतात. मग आतला फॉर डब्यावर चालवा.

आता बेरीज. सीतेनंतर गणेश, त्याचे गुण 60 आणि 50. बेरीज शून्य करण्याची ओळ बाहेरच्या फॉरच्या आत, पण आतल्या फॉरच्या आधी हवी. ती दोन्ही लूपच्या वर गेली, तर गणेशची बेरीज 110 ऐवजी 260 येते. दुसऱ्या डब्यातल्या पुड्या तोलण्याआधी तराजू रिकामा करायलाच हवा.

पुन्हा सांगते, कारण नेमकं हेच निसटतं. आतला फॉर लिहिण्याआधी हातातली वस्तू प्रिंट करा, तिचा टाइपही प्रिंट करा. या दोन ओळींचा कंटाळा करू नका, मुलांनो.



आज एवढंच करा: छोटी गुणपत्रिका घ्या, फक्त बाहेरचा फॉर लिहा आणि हाती काय आलं ते बघा. ते ओळखता आलं की मगच आतला फॉर लिहा.